दोन संगणक, एक टपाल
(एका घरगुती साधनाचा अभ्यास)

बी. ए. द्वितीय वर्ष

हिशेबाची वही एक असली की वाद होत नाही. वह्या दोन झाल्या की मेळ घालावा लागतो. ही गोष्ट किराणा दुकानदाराला ठाऊक आहे, महिला बचत गटाच्या सचिवाला ठाऊक आहे आणि गावातल्या दूध संकलन केंद्रावर माप लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण असे समजून चालतो की, यंत्र आहे म्हणजे मेळ आपोआप बसेल. तो आपोआप बसत नाही. कोणीतरी नियम ठरवावे लागतात आणि यंत्राला ते सांगावे लागतात. दोन संगणकांवर ठेवलेल्या ई-मेलचा मेळ घालणारे छोटे साधन स्वतः कसे तयार करता येते आणि ते करताना कोणते प्रश्न सोडवावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय विज्ञान शाखेचा वाटेल. पण त्यातला अवघड भाग यंत्राचा नसून अर्थ लावण्याचा आहे, हे पुढे दिसून येईल. म्हणूनच कला शाखेच्या विद्यार्थिनीने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

प्रश्न का पडला?

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजोबांच्या काळी घरचे सर्व महत्त्वाचे कागद पत्र्याच्या पेटीत असत. सातबारा, सोसायटीच्या कर्जाची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, सारे एका ठिकाणी. पेटी एक, किल्ली एक. आज शिष्यवृत्तीचे पत्र, भावाच्या आयटीआय प्रवेशाची सूचना, परीक्षेचे ओळखपत्र आणि पीक विम्याची पावती ही सगळी ई-मेलने येतात. घराची पेटी आता एका ई-मेल पत्त्यात आली आहे. मात्र ही पेटी उघडण्याच्या जागा दोन आहेत. एक, कारंज्याला मामांच्या झेरॉक्सच्या दुकानातला संगणक. तेथे इंटरनेट आहे. दुसरा, गावी घरी असलेला जुना लॅपटॉप. तेथे मोबाइलची रेंज आली तर आली, नाहीतर नाही. विजेचेही तसेच.

कोणी विचारील, पत्रे कंपनीच्या सर्व्हरवर असतातच, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्याच्याकडे चोवीस तास इंटरनेट आहे, त्याला याची गरज नाही हे मी मान्य करते. पण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, नेट नसताना सर्व्हरवरचे पत्र वाचता येत नाही आणि कागद नेमका तेव्हाच लागतो. दुसरी, मोफत जागेला मर्यादा असते. तिसरी आणि महत्त्वाची, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतील मजकूर काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ साली जाहीर केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते लागू झाले. खेड्यात फॉर्म भरण्यापुरते ई-मेल खाते उघडणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्या दृष्टीने दोन वर्षे म्हणजे फार मोठा काळ नव्हे. आपल्या कागदाची एक प्रत आपल्या घरात असावी, ही आजोबांची समजूत आजही चुकीची ठरलेली नाही.

थोडा इतिहास

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केला. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’चे चिन्ह घालण्याची पद्धतही त्याचीच. आपल्याकडे ही विद्या आली ती मुंबईच्या मार्गाने. १९८६ च्या सुमारास भारत सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. त्यात मुंबईच्या जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांच्यात १९८६-८७ मध्ये साध्या टेलिफोनवरून ई-मेलची देवाणघेवाण होऊ लागली. त्या संस्थेचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. सामान्य माणसासाठी इंटरनेट आले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

या आरंभीच्या काळातील पद्धत आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. ते दोन संगणक सतत जोडलेले नसत. पत्र लिहिले की ते आपल्याच यंत्रात एका रांगेत पडून राही. मग एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी, रांगेतली पत्रे तिकडे जात, तिकडची इकडे येत आणि फोन बंद होई. या पद्धतीला ‘यूयूसीपी’ म्हणत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात ती तयार झाली होती. ‘साठवा आणि संधी मिळताच पुढे पाठवा’ हे तिचे सूत्र. सतत जोडलेले असणे ही ई-मेलची मूळ अट कधीच नव्हती. जुहूच्या यंत्राला टेलिफोनची तार होती. आमच्याकडे कारंज्याहून गावी येणारी एस. टी. आहे आणि पिशवीत पेनड्राइव्ह आहे. सूत्र तेच.

‘नाही’ या शब्दाचे दोन अर्थ

आता मूळ अडचणीकडे वळू. समजा, दुकानाच्या संगणकावर एक पत्र आहे आणि घरच्या लॅपटॉपवर ते नाही. याचा अर्थ काय? दोन अर्थ संभवतात. एक, पत्र दुकानात नवीन आले आणि घरी अजून पोहोचले नाही. दोन, पत्र दोन्हीकडे होते, पण घरी कोणीतरी ते नको म्हणून काढून टाकले. पहिला अर्थ खरा असेल तर पत्र घरी पाठवले पाहिजे. दुसरा खरा असेल तर ते दुकानातूनही काढले पाहिजे. दोन्ही वेळा दिसणारे दृश्य एकच. कृती मात्र अगदी उलट! नुसत्या दोन याद्या समोरासमोर ठेवून याचे उत्तर कोणत्याही हुशार माणसाला देता येणार नाही आणि म्हणून कोणत्याही यंत्रालाही देता येणार नाही.

मराठी आणि संस्कृतच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. हस्तलिखितांचे संपादन करणाऱ्यांपुढे तो शतकानुशतके उभा आहे. एका पोथीत एक श्लोक आहे, दुसऱ्या पोथीत नाही. तो पहिल्या पोथीत मागाहून कोणी घुसडला, की दुसऱ्या पोथीच्या लेखकाकडून तो गळला? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. त्या दीर्घ परिश्रमाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. आपल्या वाशीम जिल्ह्याचाही या विद्येशी संबंध आहे. कारंजा (लाड) येथील जैन ग्रंथभांडारांनी अपभ्रंश भाषेतील मोलाच्या पोथ्या जपून ठेवल्या. पुष्पदंत या दहाव्या शतकातील कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली, तर ‘णायकुमारचरिउ’ अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादित केले. दोन्ही ग्रंथ कारंज्याहूनच निघाले. प्रती ताडून पाहण्याचे काम आपल्या जिल्ह्याच्या नावाने देशभर गेले, याचा अभिमान वाटावा.

पोथ्यांच्या संपादकाची अडचण अशी की, दोन पोथ्या एकमेकींसारख्या शेवटच्या कधी होत्या, याची नोंद त्याच्या हाती नसते. त्याला भाषेवरून, वृत्तावरून, संदर्भावरून तर्क करावा लागतो. आपण मात्र संगणकावर आजपासून काम सुरू करीत आहोत. अशी नोंद ठेवणे आपल्याच हाती आहे. सगळ्या साधनाचा प्राण या एका नोंदीत आहे.

मेळवही

या नोंदीला आपण ‘मेळवही’ म्हणू. मागच्या वेळी मेळ बसला तेव्हा दोन्हीकडे कोणकोणती पत्रे होती आणि प्रत्येकावर कोणत्या खुणा होत्या, एवढेच तिच्यात लिहावयाचे. आता तुलना दोघांची न राहता तिघांची होते: मागची वही, आजचे दुकान आणि आजचे घर. मग निर्णय सोपे होतात. ते असे:

१. वहीत नाही, दुकानात आहे, घरी नाही. पत्र नवीन. घरी पाठवावे.

२. वहीत आहे, दुकानात आहे, घरी नाही. पत्र घरी काढलेले आहे. दुकानातूनही ते काढावे.

३. वहीत नाही, दोन्हीकडे आहे. दोघांनी ते सर्व्हरवरून वेगवेगळे उतरवून घेतले. प्रत एकच समजावी आणि वहीत लिहावे.

४. वहीत आहे, दोन्हीकडे नाही. दोघांनीही काढले. वहीत ‘गेलेले’ असा शेरा मारावा.

चौथ्या नियमात नोंद पुसून टाकावी असे कोणाला वाटेल. ते घातक आहे. कारण सर्व्हरवर ते पत्र अजून असू शकते. दुकानाने ते उतरवले, काढले; पुढे घरच्या लॅपटॉपला एके दिवशी रेंज मिळाली आणि त्याने तेच पत्र पहिल्यांदा उतरवले, तर नोंद पुसलेली असल्यामुळे ते ‘नवीन’ ठरेल आणि टाकलेला कचरा पुन्हा दोन्हीकडे येईल. ग्रामपंचायत जन्माची नोंद ठेवते तशी मृत्यूचीही ठेवते. नुसत्या जन्माच्या वहीवरून आज गावात माणसे किती, हे कळत नाही. आपल्या मेळवहीचेही तसेच आहे.

पत्राची ओळख कशी पटवावी?

वरील नियमांत ‘तेच पत्र’ हे शब्द सहज येऊन गेले. पण दोन ठिकाणची पत्रे एकच आहेत, हे यंत्राने कसे ओळखावे? विषयावरून ओळखता येत नाही, कारण ‘अर्जाबाबत’ या विषयाची पत्रे डझनभर असतात. तारखेवरही भिस्त ठेवता येत नाही. जुन्या लॅपटॉपमधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की यंत्र कोणतेही साल दाखवू लागते. वेगवेगळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम ठरवता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे. म्हणून ‘ज्याची वेळ नंतरची ते खरे’ हा सोपा वाटणारा नियम आपण घ्यावयाचा नाही.

ई-मेलच्या वरच्या भागात, सहसा आपल्याला न दिसणारी, ‘मेसेज-आयडी’ नावाची एक ओळ असते. पाठवणारे यंत्र ती घालते आणि ती प्रत्येक पत्राची निराळी असावी असा संकेत आहे. पहिली ओळख हीच. पण काही पत्रांत ही ओळ नसते. अशा वेळी पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि मजकूर एकत्र करून त्याचा ‘ठसा’ काढावा. ‘शा-२५६’ नावाची गणिती रीत कितीही लांब मजकुरापासून चौसष्ट चिन्हांचा ठसा तयार करते. मजकुरात एका काण्याचा फरक झाला तरी ठसा पार बदलतो. येथे एक काळजी घ्यावी. विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणाली ओळीचा शेवट निरनिराळ्या चिन्हांनी दाखवतात, त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणाऱ्या मजकुराचे ठसे वेगळे येतात. म्हणून ठसा काढण्यापूर्वी ओळींचे शेवट एकसारखे करून घ्यावेत. तसेच संपूर्ण पत्राचा ठसा घेऊ नये, कारण टपाल हाताळणारे काही कार्यक्रम पत्राच्या वरच्या भागात आपल्या ओळी जोडतात.

पत्रे ठेवण्याची रीत

पत्रे संगणकात ठेवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत सर्व पत्रे एकाच लांबलचक फाइलमध्ये एकापुढे एक लिहिली जातात. मध्येच वीज गेली तर सारी फाइल धोक्यात येते. दुसरी पद्धत ‘मेलडिर’ ही. डॅनियल बर्नस्टाइन या गणितज्ञाने १९९० च्या दशकात ती तयार केली. तिच्यात प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते आणि कप्पे तीन असतात: कच्चा, नवा आणि चालू. येणारे पत्र आधी कच्च्या कप्प्यात पूर्ण लिहावयाचे आणि पूर्ण झाल्यावरच त्याचे नाव बदलून नव्या कप्प्यात सरकवावयाचे. नाव बदलणे ही एका दमात होणारी क्रिया आहे. ती अर्धी होत नाही. त्यामुळे वीज कोणत्याही क्षणी गेली तरी पत्र एक तर पूर्ण असते किंवा आलेलेच नसते. अर्धवट पत्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आपल्या भागातल्या विजेचा विचार करता ही पद्धत जणू आपल्यासाठीच निर्माण झाली असावी!

मेलडिरमध्ये पत्र वाचले, उत्तर दिले, तारा लावला अशा खुणा फाइलच्या नावातच अक्षरांनी लिहिल्या जातात आणि त्यांच्या आधी विसर्गासारखे कोलनचे चिन्ह असते. विंडोजला मात्र फाइलच्या नावात कोलन चालत नाही आणि बहुतेक पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने आखलेले असतात, तिलाही ते चालत नाही. म्हणून दोन्ही संगणकांवर लिनक्स असले, तरी पत्रे जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवता येत नाहीत. त्यांचे एक गाठोडे बांधून एकच फाइल करावी लागते.

खुणांचे गणित

या अभ्यासात मला सर्वांत अधिक आनंद देणारा भाग येथे आहे. दोन्हीकडे एकाच पत्रावर वेगवेगळ्या खुणा झाल्या तर भांडण होईल, अशी भीती वाटते. पण नीट पाहावे. खूण एक तर असते किंवा नसते; तिला तिसरी अवस्था नाही. समजा, मागच्या वहीत ‘तारा नाही’ असे आहे. दुकानात कोणी बदल केला असेल तर तो ‘तारा आहे’ असाच असणार. घरी बदल केला असेल तर तोही ‘तारा आहे’ असाच असणार. दोघांनीही बदल केला तर दोघांचा बदल एकच! म्हणजे प्रत्येक खूण स्वतंत्र धरली आणि मागची वही हाताशी असली, तर खुणांमध्ये भांडण होणेच शक्य नाही. वही नसती तर मात्र ‘आहे’ खरे की ‘नाही’ खरे, हा वाद मिटला नसता.

खरे भांडण दोन ठिकाणी उरते. एक, दुकानात पत्र ‘प्रवेश’ या कप्प्यात हलवले आणि घरी तेच ‘शिष्यवृत्ती’ या कप्प्यात. येथे कप्प्यांच्या जागा दोनपेक्षा अधिक असल्यामुळे वरचे गणित लागू पडत नाही. अशा वेळी दोन्ही कप्प्यांत प्रत ठेवावी आणि माणसाला सांगावे. दुसरे भांडण अधिक गंभीर. एकीकडे पत्र काढून टाकले आणि दुसरीकडे त्याच पत्रावर काम केले. मामा दर आठवड्याला जाहिरातींची पत्रे काढून दुकानातला पसारा आवरतात. त्यांनी काढलेल्या एका पत्रावर त्याच आठवड्यात घरी भावाने तारा लावला होता, कारण ते प्रवेशाच्या पुढच्या फेरीची सूचना देणारे होते. कोणाचे ऐकावे? साधनाला मी नियम दिला आहे: ‘हात लागलेले पत्र मरत नाही.’ एकाने काढले, पण दुसऱ्याने तारा लावला, उत्तर दिले किंवा कप्पा बदलला असेल, तर पत्र राहते आणि दोन्हीकडे परत येते. नुसते वाचणे म्हणजे मात्र हात लावणे नव्हे. नाहीतर एकही जाहिरात कधी जाणार नाही.

या नियमामागे एक साधा विचार आहे. नको असलेले पत्र राहिले तर पुन्हा काढायला क्षणभर लागतो. हवे असलेले पत्र गेले तर मुलाचे वर्ष जाऊ शकते. दोन चुकांचे वजन सारखे नसते. यंत्राला हे वजन कळत नाही. ते आपण सांगावे लागते.

पेनड्राइव्ह : पोस्टमन नव्हे, तिसरे घर

प्रथम विचार केला तर पेनड्राइव्ह हा पोस्टमन वाटतो. इकडची पत्रे घेऊन तिकडे द्यावयाची. पण पोस्टमन वाटेत असताना दोन्ही घरी बदल होत राहतात आणि मग कोणाला काय कळले होते, याचा गुंता होतो. त्याऐवजी पेनड्राइव्हला तिसरे घर मानावे. त्याच्यावर सर्व पत्रांची पूर्ण प्रत असते. दुकानाचा मेळ पेनड्राइव्हशी आणि घराचा मेळही पेनड्राइव्हशी घालावयाचा. दुकानाने आपली व पेनड्राइव्हची मेळवही आपल्याजवळ ठेवावी, घराने आपली ठेवावी. मेळ नेहमी दोघांतच असल्यामुळे वरचे चार नियम जसेच्या तसे लागू पडतात. उद्या वसतिगृहात तिसरा संगणक आला तरी नियम बदलावे लागत नाहीत. फक्त एक मेळवही वाढते.

पेनड्राइव्ह हरवला तर? त्यासाठी प्रत्येक पेनड्राइव्हला साधनाने एक स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो आणि मेळवही त्या क्रमांकाची असते. नवा पेनड्राइव्ह आला की क्रमांक नवा, वही कोरी. कोऱ्या वहीमुळे साधन सर्व पत्रे ‘नवीन’ समजते आणि काहीही न काढता सगळी प्रत पुन्हा तयार करते. क्रमांकाची ही सोय नसती तर रिकामा पेनड्राइव्ह पाहून ‘सर्व पत्रे काढली’ असा अर्थ झाला असता आणि दोन्ही घरे रिकामी झाली असती. हरवलेल्या पेनड्राइव्हवरची पत्रे परक्याने वाचू नयेत, म्हणून गाठोडे सांकेतिक करून ठेवावे. ‘सेव्हन-झिप’ या मोफत साधनात ही सोय आहे.

चार पथ्ये

पायथन ही भाषा या कामास सोयीची आहे. मेलडिर वाचण्याची, ठसा काढण्याची आणि मेळवहीसाठी ‘एसक्यूलाइट’ हा छोटा माहितीकोश वापरण्याची सोय तिच्यात मुळातच असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. साधन लिहिताना पाळलेली पथ्ये अशी:

पहिले, काहीही कायमचे पुसावयाचे नाही. काढलेले पत्र एका टोपलीत जाते आणि तेथे तीन महिने राहते.

दुसरे, एका मेळात एकूण पत्रांच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक पत्रे निघणार असतील, तर साधनाने थांबून माणसाला विचारावे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या ‘युनिसन’ या नामांकित साधनातही एक बाजू पूर्ण रिकामी दिसल्यास विचारणा होते.

तिसरे, आधी दाखवावे, मग करावे. साधन काय करणार आहे याची यादी मराठीत पडद्यावर येते आणि ‘हो’ म्हटल्यावरच काम सुरू होते. मामांना इंग्रजी सूचना वाचण्याची सवय नाही. ज्याचे पत्र आहे त्याला साधनाची भाषा कळली पाहिजे.

चौथे, मेळवही सर्वांत शेवटी लिहावी. पत्रे आधी हलवावी आणि सारे सुखरूप झाल्यावर वहीत नोंद करावी. मध्येच वीज गेली तर वही जुनीच राहते. पुढच्या वेळी साधन तेच काम पुन्हा पाहते आणि उरलेले पूर्ण करते. उलट क्रम ठेवला तर न पोहोचलेले पत्र वहीत ‘पोहोचले’ असे दिसेल आणि पुढच्या मेळात ते ‘काढलेले’ ठरेल. अवघ्या दोन ओळींच्या क्रमावर पत्राचे जगणे-मरणे अवलंबून आहे.

खऱ्या पत्रांना हात लावण्यापूर्वी खोटी पत्रे तयार करून परीक्षा घ्यावी. दोन कप्पे करावेत, यंत्राकडूनच त्यांत वेडेवाकडे बदल करवून घ्यावेत, मेळ घालावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही बाजू एकसारख्या झाल्या का? लगेच दुसऱ्यांदा मेळ घातला तर काहीही बदलत नाही ना? हात लागलेले एकही पत्र गेले नाही ना? तिन्ही उत्तरे वारंवार बरोबर आल्यावरच साधन घरात आणावे.

मर्यादा

हे साधन बाजारातल्या तयार साधनांशी स्पर्धा करू शकत नाही. सर्व्हरशी मेळ घालणारी ‘ऑफलाइन-आयमॅप’सारखी मुक्त साधने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि ज्याला नियमित नेट आहे त्याने तीच वापरावी. पासवर्डचा प्रश्नही लक्षात ठेवावा. गूगलने २०२२ साली बाहेरच्या साधनांना वैयक्तिक खात्यावर नुसत्या नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे बंद केले. अशा साधनासाठी स्वतंत्र परवानगी किंवा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तसेच सर्वांचे खाते एक असले तरी सर्वांनी सर्वांची पत्रे वाचावीत का, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवू शकत नाही. तो घरात बसून सोडवावा लागतो.

समारोप

माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालापासून इलेक्ट्रॉनिक नोंदीला कागदाइतकी मान्यता दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात अशी नोंद न्यायालयात सादर करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात तिचा ‘ठसा’ लिहिण्याची तरतूद आहे. ज्या ठशाचा वर उल्लेख केला, तोच हा. म्हणजे पत्र जपणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही. ज्यांच्या घरी वकील नाही, कारकून नाही, ओळखीचा अधिकारी नाही, त्यांच्या बाजूने बोलणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे कागद. तो कागद आता विजेवर चालू लागला आहे, इतकेच.

संगणक हा केवळ शहरातल्या आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचा विषय आहे, ही समजूत आपण सोडावी असे वाटते. ‘नाही’ या शब्दाचे दोन अर्थ ओळखणे, कोणती चूक परवडते आणि कोणती परवडत नाही हे ठरवणे, गेलेल्याचीही नोंद ठेवणे, ही सारी कामे भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र शिकणारा विद्यार्थी रोजच करीत असतो. उरते ते यंत्राच्या भाषेत लिहिणे. आणि ती भाषा, अनुभवाने सांगते, अपभ्रंशापेक्षा पुष्कळच सोपी आहे.